कुजणे आणि कोंडणे

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात भिवंडी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीसांनी आम्हांस व्याख्यानाचे आमंत्रण दिले तेव्हा विषयाची निवड आमच्यावरच सोपविली होती. विवाहसंस्कार, मुलांचे शिक्षण, ज्ञातीचा पूर्वेतिहास, असा संमेलनास शोभेलसा एखादा विषय आम्ही घेऊ, अशी त्यांची समजूत असावी. आम्ही ‘कुजणे’ हा विषय सांगितला, तेव्हा त्यांनी क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहिले आणि तो निमूटपणे वहीत लिहून घेतला. पंगती मांडण्याची वेळ जवळ आली असता असा विषय काढणे औचित्यास सोडून आहे, हे आम्ही जाणतो. तरीही तो काढावयाचा, त्यास कारण आहे. आपल्या सभागृहाच्या पाठीमागे जो खड्डा आहे, ज्यात जेवणावळींच्या पत्रावळी, उष्टे-खरकटे आणि उत्सवाचे निर्माल्य टाकले जाते, तो बुजवून वर काँक्रीट करावे व ती जागा मोटारी उभ्या करण्यास द्यावी, अशी सूचना गेल्या सभेत आली. खड्ड्याला घाण येते आणि शेजारी तक्रार करतात, हे त्या सूचनेचे कारण. तक्रार खरी आहे. परंतु ती घाण कुजण्याने येते की अन्य कशाने, हा प्रश्न त्या सभेत कोणी विचारला नाही. आजचे आमचे सारे बोलणे त्या एका प्रश्नाचे उत्तर आहे.

प्रथम भाषेकडे पाहू, कारण आम्ही जन्मभर प्राथमिक शाळेत शिकविले आणि आमचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा शास्त्रापेक्षा भाषेचा आधार आम्हांस जवळचा. आपली मराठी या बाबतीत फार श्रीमंत आहे. दूध नासते, भात विटतो, पीठ आंबते, लोणचे मुरते, फळ सडते, पान कुजते, दमट कोठारातील धान्य उबते, चामड्याला बुरशी चढते. वर्गात मुलांकडून आम्ही ही यादी करवून घेत असू. ज्यांच्या घरी गुरे आणि शेती असे, ती मुले चढाओढीने शब्द सांगत. गावातल्या पेढीवाल्यांची मुले तीनचार शब्दांवर थांबत. या यादीत एक गंमत आहे. आंबणे आणि मुरणे यांस आपण स्वयंपाकघरात मानाने बसविले. नासणे आणि सडणे यांस शिव्यांच्या कामास लाविले. एखाद्या गृहस्थास ‘मुरलेला’ म्हटले तर तो मिशीतल्या मिशीत हसतो, ‘सडका’ म्हटले तर भांडण होते. वास्तविक ही सर्व कामे करणारे कारागीर एकाच कुळीचे आहेत. एकाच जातीचे म्हणणार होतो, परंतु या व्यासपीठावरून तो शब्द जरा जपूनच वापरलेला बरा.

हे कारागीर म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जंतू आणि बुरशी. पूर्वी युरोपातही असा समज होता की, मांस सडले की त्यातून किडे आपोआप उपजतात. इटलीतील फ्रान्सेस्को रेडी या वैद्याने १६६८ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. मांसाची काही भांडी उघडी ठेविली, काहींच्या तोंडाला विरळ कापड बांधले. उघड्या भांड्यांत किडे झाले. बांधलेल्या भांड्यांत झाले नाहीत. किडे माश्यांच्या अंड्यांतून आले होते. पुढे जंतूंविषयी तोच वाद निघाला. तो फ्रान्सच्या लुई पाश्चर यांनी १८६० च्या सुमारास मिटविला. त्यांनी हंसाच्या मानेसारख्या वाकड्या नळीच्या काचपात्रात रस उकळून ठेविला. नळीतून हवा आत जाई, परंतु धुळीबरोबरचे जंतू वळणावरच अडकत. रस महिनेच्या महिने चांगला राही. मान मोडली की थोड्याच दिवसांत तो नासे. म्हणजे वस्तू आपण होऊन कुजत नाही. तिला कोणीतरी कुजवितो.

त्या कोणास तरी पाणी लागते, ऊब लागते, आणि त्यांच्यापैकी पुष्कळांस हवा लागते. आपल्या आज्यांना पाश्चर ठाऊक नव्हते, तरी हे सारे ठाऊक होते. सांडगे-पापड वैशाखाच्या उन्हात वाळवून त्या पाणी काढून घेत. बोंबलाला ऊन आणि मांदेलीला मीठ, मुरंब्याला साखर. मीठ आणि साखर पाणी धरून ठेवितात आणि जंतूंच्या हाती लागू देत नाहीत. लोणच्यावर बोटभर तेल म्हणजे हवेचा दरवाजा बंद. आपल्यापैकी ज्यांच्या घरी यंत्रमाग आहेत, त्यांना तर याहून जवळचे उदाहरण आहे. ताण्याच्या सुताला खळ द्यावी लागते. खळ ही पिष्टाची, म्हणजे बुरशीच्या दृष्टीने ते पक्वान्नच. पावसाळ्यात हवा दमट झाली, गठ्ठे भिंतीला टेकून राहिले, की कापडावर हिरवट-काळे डाग उमटतात आणि व्यापारी माल परत करतो. म्हणून खळीत बुरशीनाशक घालावे लागते. कुजणे थांबविण्यासाठी जे पैसे आपण भिवंडीकर खर्च करतो, त्यांचा हिशेब कोणी मांडला तर तो मोठा होईल.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. शाळेत आम्ही दरवर्षी एक प्रयोग करीत असू. दोन मडकी घ्यावयाची. दोहोंत भाजीची देठे, केळीच्या साली, शिळी पोळी असा एकच माल. पहिल्या मडक्याला बाजूंनी भोके पाडून, मध्ये मध्ये वाळल्या पाचोळ्याचे थर देऊन माल सैल भरावयाचा आणि पाणी शिंपडावयाचे. दुसऱ्यात तोच माल ठासून भरून, वर पाणी ओतून, झाकण लावून कणकेने लिंपावयाचे. पंधरवड्याने दोन्ही उघडली की पहिल्या मडक्यातला माल काळसर, मोकळा आणि हाताला किंचित कोमट लागे. त्याला पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा वास येई. दुसरे मडके आम्ही अंगणात नेऊन उघडीत असू, कारण वर्गात उघडले तर शाळा सोडून द्यावी लागली असती. माल तोच, गाव तेच, दिवस तेवढेच. दोन्हीकडे कुजण्याचीच क्रिया झाली. फरक एवढाच की, एकीकडे हवा होती आणि दुसरीकडे नव्हती. हवा असली म्हणजे कर्बाचा कार्बन डायऑक्साइड होतो, पाणी होते, उष्णता निघते आणि बाकी राहते ते खत. हवा कोंडली की दुसऱ्याच जातीचे जंतू कामास लागतात आणि आंबट आम्ले व सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड वायू निर्माण करतात. तेव्हा दुर्गंधी ही कुजण्याची नव्हे, कोंडण्याची खूण आहे, हे आजच्या व्याख्यानातले एक वाक्य ध्यानात ठेविलेत तरी आम्हांस पुरे आहे.

हा न्याय शेताला कसा लागतो ते पाहू. आपल्यापैकी बहुतेकांची मूळ गावे भिवंडी, वाडा, शहापूर या भातपट्ट्यातली. तेथे पिढ्यान् पिढ्या राब भाजण्याची रीत. रोपे ज्या तुकड्यात करावयाची, त्यावर शेण, झाडांची टहाळी, गवत, पाचोळा यांचे थर रचून वर माती पसरावयाची आणि पावसाळ्यापूर्वी ते पेटवावयाचे. या टहाळीसाठी झाडे छाटली जातात म्हणून इंग्रजी अमदानीत वनखात्याने निर्बंध घातले आणि ठाणे-कुलाबा भागात मोठा असंतोष माजला. तो इतका की, १८८५ साली सरकारास वनांच्या प्रश्नावर चौकशी मंडळ नेमावे लागले. त्याचा अहवाल १८८७ साली निघाला. साहेबांचे म्हणणे असे की, जे कुजवून खत होईल ते हे अडाणी लोक जाळतात. ते म्हणणे दिसावयास सरळ आहे. परंतु पुण्याच्या शेतकी महाविद्यालयाचे डॉ. हॅरोल्ड मॅन यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांसह राबाचा कसून अभ्यास केला आणि १९१२ साली तो प्रसिद्ध केला. त्यात असे दिसून आले की, राबाचा गुण केवळ राखेत नाही. माती तापण्याचाच त्यात मोठा वाटा आहे. शेतकऱ्याची रीत मूर्खपणाची नव्हती, एवढे त्यातून सिद्ध झाले.

तथापि ती खर्चिक होती, हेही खरेच. डोंगर उघडे पडले ते काही एका राबाने नव्हे, परंतु राबानेही. पुढे डॉ. नारायण सावंत यांनी भाताची ‘चारसूत्री’ पद्धत सांगितली. तिच्यात टहाळी भाजण्याऐवजी भाताच्या तुसांची काळी राख रोपवाटिकेत घालतात, आणि बांधावर वाढविलेल्या गिरिपुष्पाचा कोवळा पाला चिखलणीच्या वेळी खाचरात गाडतात. पाला कोवळाच का, पेंढा का नाही, असा प्रश्न कोणी विचारील. पेंढाही गाडता येतो, परंतु तो आधी. ऐन लावणीच्या तोंडावर कोरडा पेंढा गाडला तर रोपे पिवळी पडतात. त्याचे कारण असे की, पेंढ्यात कर्ब पुष्कळ आणि नत्र थोडे. तो कुजविणाऱ्या जंतूंना स्वतःचे शरीर बांधण्यास नत्र लागते. पेंढ्यात ते पुरेसे मिळाले नाही की ते मातीतले घेतात आणि रोपाच्या तोंडचा घास जातो. कच्चे शेणखत घालू नये, त्याने हुमणी होते, असे जुने शेतकरी सांगत; त्या सांगण्यात निरीक्षण होते. आता पूर्णा, राहनाळ, काल्हेर, वळ, दापोडे, माणकोली या बाजूंना खाचरांच्या जागी मालाची गोदामे उभी राहिली आहेत आणि आपल्यातल्या काही घरांना त्यातून पैसाही मिळाला आहे. त्याबद्दल आम्हांस कोणास दोष द्यावयाचा नाही. जमीन विकणाऱ्याच्या अडचणी त्यालाच ठाऊक. पण काँक्रीटखाली गेलेली माती पुन्हा काही कुजवीत नाही. आणि शेतात जे जात होते, ते सारे आता आपण शहराच्या वेशीवर नेऊन टाकतो.

कर्ब आणि नत्राचे हे प्रमाण ज्यांनी शेतकऱ्याच्या हातात दिले, त्यांची हकीकत येथे सांगितली पाहिजे, कारण त्यांपैकी एक नाव विस्मरणात गेले आहे. होळकरांच्या इंदूर शहरात १९२४ साली वनस्पतिसंशोधनाची एक संस्था निघाली. तिचे प्रमुख सर अल्बर्ट हॉवर्ड. हे साहेब असे की, शेतकरी आणि पिकावरची कीड यांस ते आपले प्राध्यापक समजत. त्यांनी तेथे कंपोस्टाची जी पद्धत बसविली ती ‘इंदूर पद्धत’ म्हणून जगभर गेली. १९३१ साली तिच्यावर जे पुस्तक निघाले त्यावर दोन नावे आहेत, हॉवर्ड आणि यशवंत वाड. पुढे जगाने हॉवर्डसाहेबांस सेंद्रिय शेतीचे आद्य प्रवर्तक म्हटले आणि वाडांचे नाव ग्रंथालयांतील नोंदींत राहिले.

त्यांच्या पद्धतीचा गाभा असा. नत्राच्या एका भागास कर्बाचे सुमारे तीस भाग पडतील असे मिश्रण करावयाचे. ते कुजून खत झाले म्हणजे हे प्रमाण दहाच्या आसपास येते. पेंढ्यात हे प्रमाण ऐंशीच्या घरात, लाकडाच्या भुश्यात शेकड्यांनी, आणि ओल्या भाजीच्या टाकाऊ भागात पंधरा-वीस. म्हणून नुसता पाचोळा वर्षभर तसाच राहतो आणि नुसते खरकटे चिखल होऊन घाण मारते. दोन्ही एकत्र आले तर काम होते. गृहिणींना हे सांगण्याची गरज नाही. नुसत्या तांदळाची इडली होत नाही आणि नुसत्या उडदाचीही नाही. थर रचावयाचे, पाणी पिळलेल्या फडक्याइतके ठेवावयाचे, आणि तीन महिन्यांत तीनदा ढीग वरखाली करावयाचा. ढीग इतका तापतो की मध्यभागी हात धरवत नाही. साठ अंशांपर्यंत उष्णता जाते आणि तीत माश्यांच्या अळ्या व तणांचे बी मरते. आणखी एक गोष्ट, आणि ती आपल्या खड्ड्याच्या दृष्टीने महत्त्वाची. इंदूरचा खड्डा लांबरुंद असे, परंतु खोल अवघा दोन फूट, आणि पावसाळ्यात तर खड्डा सोडून जमिनीवरच ढीग रचीत. का, तर खोल गेले की हवा पोचत नाही आणि पाणी साचते. आपला खड्डा पुरुषभर खोल आहे. आषाढात तो विहिरीसारखा भरतो. त्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गाठ मारून अन्न टाकलेले असते. महाराष्ट्र सरकारने २०१८ साली तसल्या पिशव्यांवर बंदी घातली खरी, परंतु आपल्या खड्ड्यास ती बातमी अजून पोचलेली नाही.

हवेशिवाय कुजणे सर्वस्वी वाईट, असा मात्र आमचा अभिप्राय नाही. त्यातून निघणाऱ्या वायूला वाट करून दिली तर तेही उपकारक होते. दलदलीतून येणारे बुडबुडे पेट घेतात, हे इटलीच्या व्होल्टा यांनी १७७६ साली एका सरोवराच्या काठी वायू गोळा करून दाखविले. हाच मिथेन. आणि त्याचा उपयोग करण्यात आपली मुंबई फार मागे नव्हती. १८९७ साली माटुंग्याच्या कुष्ठाश्रमात मैल्याच्या टाक्यांवर वायू धरण्याची योजना करून त्यावर दिवे लावण्यात आले. ज्यांस समाजाने वेशीबाहेर ठेविले होते, त्यांच्या आश्रमात हा उजेड आधी पडला. पुढे गोबरगॅस आला. जशभाई पटेल यांच्या तरंगत्या टोपणाच्या संयंत्राचा आराखडा खादी आयोगाने १९६० नंतर देशभर नेला, आणि महाराष्ट्रात कित्येक घरांत त्यावर चुली पेटल्या. गॅस जळून गेल्यावर जी मळी उरते तिला वास नसतो आणि ती शेतात चालते.

तोच वायू वाट न देता कोंडला तर काय होते, ते देवनारने दाखविले. मुंबईचा कचरा तेथे १९२७ सालापासून पडत आला. ओले, कोरडे, चिंध्या, प्लॅस्टिक, सारे एकावर एक. २०१६ च्या जानेवारीत तो डोंगर पेटला आणि दिवसेंदिवस धुमसत राहिला. धूर उपग्रहांच्या छायाचित्रांत दिसला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या. कल्याणच्या आधारवाडीचा डोंगरही असाच वेळोवेळी पेटत असे. त्याच वर्षी निघालेल्या केंद्र सरकारच्या नियमांनी ओला आणि सुका कचरा घरातच वेगळा करावयास सांगितले. नियम झाला, घरोघरी तो किती पाळला जातो ते आपण जाणताच. पाण्यातही हेच घडते. आपल्या वऱ्हाळदेवी तलावात आपण गणपतीचे विसर्जन करीत आलो. त्याबरोबर हार, दूर्वा, केळीचे खांब पाण्यात गेले की ते कुजविणारे जंतू पाण्यातला प्राणवायू ओढून घेतात आणि मासे पहाटे तोंडे वर काढून तडफडतात. भक्तिभावाने वाहिलेले फूल मातीत गेले तर देवास ते कमी आवडेल, असे आम्हांस वाटत नाही.

आता जे सांगावयाचे ते जेवणाआधी सांगण्यास सर्वांत कठीण आहे. मैल्याच्या बंद टाकीत, गटाराच्या भुयारात हायड्रोजन सल्फाइड साचतो. अल्प प्रमाणात असला तर त्याचा वास कोणासही कळतो. परंतु हवेच्या दहा लाख भागांत तो शंभर भागांच्या पुढे गेला की नाकाची वास घेण्याची शक्तीच थोड्या वेळात बधिर होते. आत उतरलेल्या माणसाला वाटते, घाण गेली, हवा मोकळी झाली. याच्या पाचपट-दहापट वायू असला तर तो काही श्वासांतच कोसळतो. त्याला काढावयास दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा. वर्तमानपत्रांत अशा बातम्या येतात तेव्हा एकाच टाकीत दोन-तीन नावे असतात, आणि पुष्कळदा ती एकाच घरातली. माणसास संरक्षक साधनांवाचून टाकीत किंवा गटारात उतरविणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा ठरविले. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अशा मृतांच्या कुटुंबास दहा लाख रुपये देण्यास सांगितले आणि २०२३ साली ती रक्कम तीस लाख केली.

हे ज्ञातिमंडळाच्या व्यासपीठावर बोलणे आम्हांस आवश्यक वाटते, कारण समाजातले सारे कुजण्याचे ओझे आपण शतकानुशतके काही ठराविक ज्ञातींच्या डोक्यावर ठेविले, आणि ते वाहतात म्हणून त्यांसच अमंगळ म्हटले. या अन्यायाशी ज्यांनी हातांनी झुंज दिली त्यांत कोकणचे अप्पासाहेब पटवर्धन अग्रभागी होते. ते उच्चवर्णीय घरातले. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात असता, भंगीकाम आपल्यासही करू द्यावे, असा त्यांनी आग्रह धरला. अधिकाऱ्यांनी नाकारले, कारण ते काम ठराविक जातीच्या कैद्यांनीच करावे असा रिवाज. त्यांनी अन्न सोडले. येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनीही डिसेंबर महिन्यात त्यांच्यासाठी उपवास आरंभिला, तेव्हा सरकारास विचार करावा लागला. पुढे १९४८ साली अप्पासाहेबांनी कणकवलीस गोपुरी आश्रम काढला. तेथे मेलेल्या जनावरांचे चामडे कमाविण्याचे काम त्यांनी स्वतः केले आणि मैल्यावर माती-पाचोळा घालून त्याचे खत करणारा संडास प्रचारात आणिला. मैल्याच्या खताला आपल्या भाषेत जुनाच शब्द आहे, सोनखत. शब्दात सोने ठेवून ते उचलणाऱ्यास मात्र आपण दाराबाहेर ठेविले.

असो. पत्रावळी-द्रोणांकडे परत येतो. खोल खड्डा बुजवावा, या सूचनेस आमचा विरोध नाही; तो बुजविलाच पाहिजे. विरोध आहे तो काँक्रीटला. त्या जागेपैकी एका कोपऱ्यात ‘नाडेप’चे दोन हौद बांधावेत. नाडेप हे नाव परभाषेतले नव्हे. यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवराव पांढरीपांडे यांच्या नावातील ही आद्याक्षरे. हौद जमिनीच्या वर, विटांचा, दहा फूट लांब, सहा फूट रुंद आणि तीन फूट उंच. भिंतींत जागोजाग भोके ठेविलेली, म्हणजे ढीग वरखाली करण्याची मजुरी वाचते आणि हवा आपोआप खेळते. पाचोळा व टाकाऊ माल, त्यावर शेणकाला, त्यावर चाळलेली माती, असे थर देऊन वरून शेणमातीने लिंपून घेतात. तीन-चार महिन्यांत खत तयार होते. पूर्ण भरलेल्या एका हौदातून सुमारे तीन टन निघते. भिवंडीच्या पावसाला वर पत्र्याचे छप्पर मात्र हवे. एक हौद भरावयाचा, तोवर दुसरा मुरावयाचा. मोटारींस उरलेली जागा पुरेशी आहे. आम्ही टेप लावून मोजली आहे.

यासंबंधी ठरावाचा मसुदा आम्ही लिहून आणला असून तो चिटणीसांकडे देत आहोत. त्यात दोन गोष्टी आहेत. पहिली हौदांची, आणि जेवणावळीत प्लॅस्टिकचे पेले-पिशव्या वेगळ्या गोळा करण्यासाठी दोन स्वयंसेवक नेमण्याची. दुसरी आपल्या सभागृहाच्या मैल्याच्या टाकीची. ती उपसण्याचे काम येत्या वर्षी निघणार आहे. ज्यास ते काम द्यावयाचे त्याच्याशी लेखी करार करावा, काम यंत्राच्या नळीनेच व्हावे, कोणाही माणसास टाकीत उतरवू नये, आणि झाकण उघडताना कार्यकारिणीचा एक सभासद शेवटपर्यंत तेथे उभा असावा. वर्षातून एक सकाळ द्यावयाची आहे. पहिल्या वर्षी कोणी पुढे आले नाही तर आम्ही उभे राहू. हौदास लागणारा पाचोळाही आमच्याकडून येईल; दारातल्या आंब्याचा आणि फणसाचा दोन्ही हौदांना पुरेल इतका पडतो. शेणाची सोय मात्र गुरे असलेल्या सभासदांनी करावयाची आहे, आणि त्यांनी आपली नावे आज जेवणानंतर चिटणीसांच्या वहीत द्यावीत.